श्यानता: थिजलेलं तूप, पडसं आणि विज्ञानाच्या पुस्तकातला एक शब्द

विज्ञानाच्या मराठी पुस्तकात 'श्यानता' हा शब्द आला की बहुतेक जण व्याख्या वाचतात, एकक पाठ करतात आणि पुढे जातात. शब्द संस्कृत आहे, अवघड आहे, परिभाषेसाठी कुणीतरी घडवलेला असणार, एवढंच मनात राहतं. पण हा शब्द ज्या धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या ज्या मुळापासून आला तो धातू आपण रोज वापरतो. कुणाला सर्दी-पडसं झालं असं म्हणतानासुद्धा. श्यानता मोजते काय आणि हा शब्द आला कुठून, ही दोन उत्तरं एकमेकांना इतकी लागून आहेत की एकाशिवाय दुसरं नीट कळत नाही.

आधी भौतिकशास्त्र. टेबलावर ठेवलेल्या पत्त्यांच्या कॅटवर हात ठेवून तो हलकेच पुढे ढकला. वरचा पत्ता सर्वांत पुढे जातो, खालचा जागेवर राहतो आणि मधले आपापल्या उंचीप्रमाणे थोडेथोडे सरकतात. वाहता द्रव असाच थराथराने सरकतो. भांड्याच्या तळाला टेकलेला थर जवळजवळ स्थिर असतो, वरचा थर वेगाने जातो, आणि शेजारचे थर एकमेकांना घासून मागे ओढत असतात. या ओढीचं माप म्हणजे श्यानता. ओढ जास्त असेल तर तोच वेग मिळवायला जोर जास्त लागतो. थरांमधला वेगाचा फरक जितका मोठा तितका विरोध मोठा, ही कल्पना न्यूटनने 1687 साली 'प्रिन्सिपिया'त मांडली. पाण्यासारखे जे द्रव हा सरळ हिशोब पाळतात त्यांना आजही न्यूटनी द्रव म्हणतात.

मोजायचं एकक पास्कल-सेकंद. 20 अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता त्याच्या जवळजवळ एक हजारांश भरते. ग्लिसरीनची त्याच तापमानाला पाण्याच्या सुमारे 1400 पट, आणि मधाची कित्येक हजार पट. तापमान वाढलं की द्रव पातळ होतो: शून्य अंशाजवळच्या पाण्याची श्यानता उकळत्या पाण्याच्या सहापटीहून जास्त असते. वायूंचं मात्र उलटं आहे. हवा तापली की तिची श्यानता वाढते, कारण तिथे ओढ निर्माण होते ती रेणू एका थरातून दुसऱ्यात उड्या मारतात म्हणून, आणि उष्णतेने या उड्या वाढतात. द्रवात रेणू एकमेकांना धरून असतात आणि उष्णता ती पकड सैल करते.

इथे एक गोंधळ वारंवार होतो, तो मिटवूनच पुढे जाऊ. घट्ट द्रव म्हणजे जड द्रव, असं आपण धरून चालतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे, पण त्याची श्यानता पाण्याच्या जेमतेम दीडपट. म्हणून सांडलेला पारा इतका चपळपणे पळतो. खाद्यतेल पाण्याहून हलकं, पाण्यावर तरंगणारं, पण श्यानतेत पाण्याच्या पन्नास ते ऐंशी पट. एका ठरावीक जागेत किती वस्तुमान मावतं ते सांगते घनता. थर एकमेकांवरून किती सहज सरकतात ते सांगते श्यानता. दोन्ही मापं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.

आता शब्दाकडे. 'श्यान' हे संस्कृत 'श्यै' या धातूचं रूप. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या धातूचा अर्थ नुसता 'जाणे' असा दिला आहे, आणि तेवढ्यावर थांबलो तर काहीच हाती लागत नाही. खरी माहिती पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात आहे, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास. सहाव्या अध्यायातलं सूत्र असं: 'द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः'. द्रव घट्ट होणं आणि स्पर्श, या दोन अर्थांपुरतं श्यै धातूच्या भूतकालवाचक रूपात 'य'च्या जागी 'इ'कार येतो, असं हे सूत्र सांगतं. त्यातून दोन रूपं निघतात. थिजलेलं ते 'शीन' आणि हाताला गार लागतं ते 'शीत'.

क्षणभर इथे थांबायला हवं. आपण ज्याला शीत म्हणतो तो थंडीचा शब्द आणि तूप थिजण्याचा शब्द ही एकाच धातूची जुळी रूपं आहेत, आणि त्यांच्यातला फरक सांगण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं. दोन्ही रूपं गोंधळू नयेत म्हणून आठव्या अध्यायात आणखी एक सूत्र आहे: 'श्योऽस्पर्शे'. स्पर्शाचा अर्थ नसेल तर 'त'चा 'न' करा. पाणिनीच्या सूत्रांवरची सातव्या शतकातली टीका, काशिकावृत्ती, याला उदाहरणं देते ती अशी: 'शीनं घृतम्, शीना वसा, शीनं मेदः'. थिजलेलं तूप, थिजलेली वसा, थिजलेला मेद. आणि लगेच स्पष्टीकरण: द्रव अवस्थेतून काठिण्याला गेलेलं. तिन्ही उदाहरणं स्निग्ध पदार्थांची आहेत हे मला फार बोलकं वाटतं. थंडीने हळूहळू घट्ट होतात ते हेच पदार्थ.

हा नियम कुठे लागत नाही, याचं काशिकेतलं उदाहरण आहे 'संश्यानो वृश्चिकः', म्हणजे अंग आखडून गोळा झालेला विंचू. विंचू द्रव नव्हे आणि इथे स्पर्शाचाही संबंध नाही, म्हणून 'श्यान' हे रूप तसंच राहिलं. थंडी, आखडणं, गोळा होणं आणि थिजणं एका धातूत कशी नांदत होती ते या विंचवावरून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्याही कोशातून होणार नाही. व्याकरणाच्या काटेकोर हिशोबाने थिजलेल्या द्रवाला 'शीन' म्हणायला हवं. पण उपसर्ग जोडला की 'श्यान' रूपही चालतं, आणि साहित्यात ते रुळलंही. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू येतो, नद्यांना उतार पडतो आणि रस्त्यावरचा चिखल सुकतो. तिथे कालिदासाने रस्त्यांना 'आश्यानकर्दम' म्हटलं आहे, ज्यांवरचा चिखल घट्ट झाला आहे असे. आधुनिक परिभाषाकारांनी याच 'श्यान'ला 'ता' प्रत्यय लावून श्यानता केली.

आता पडसं. श्यै धातूला 'प्रति' उपसर्ग लागून 'प्रतिश्याय' होतो, आयुर्वेदातलं सर्दीचं नाव. प्राकृतातून येताना 'प्रति'चं 'पडि' झालं, शेवट झिजला आणि मराठीत 'पडसं' उरलं. 'अव' उपसर्ग लागला की 'अवश्याय', म्हणजे दव किंवा हिमकण. हवेतली वाफ थंडीने गोठून उतरलेली. म्हणजे नाकात साचून घट्ट होणारा कफ, गवतावर उतरलेलं दव आणि थिजलेलं तूप या तिन्हींना नाव देताना एकच धातू पुढे आला. थंडी आणि साचून घट्ट होणं ही जोडी तिन्हीकडे आहे.

युरोपीय भाषांनी याच गुणाला नाव देताना वेगळी बाजू धरली. 'व्हिस्कॉसिटी' हा शब्द लॅटिन 'विस्कम'वरून आला. विस्कम हे एका बांडगुळाचं नाव, आणि त्याच्या फळांपासून केलेल्या चिकट लगद्याचंही. हा लगदा फांदीला फासून पक्षी पकडत. त्यांना द्रवाचा चिकटपणा दिसला, आपल्याकडे द्रवाचं थिजणं दिसलं. मोजायची गोष्ट एकच, पण मला आपला शब्द अधिक पटतो. चिकटपणा म्हणजे द्रवाने दुसऱ्या वस्तूला धरणं. श्यानता ही द्रवाच्या आतली गोष्ट आहे, त्याच्या थरांनी एकमेकांना धरण्याची.

श्यैचा एक भाऊबंद आहे 'स्त्यै'. गोळा होणं, दाटणं हा त्याचा अर्थ आणि 'स्त्यान' म्हणजे दाटलेलं. संस्कृतातला शब्दारंभीचा 'स्त' प्राकृतात 'थ' होतो: स्तन वरून थान, स्तोक वरून थोडं. प्राकृतात स्त्यानचं थीण झालं. 'थिजणे' या मराठी क्रियापदामागे याच वाटेने गेलो तर आपण स्त्यै धातूपाशी पोहोचतो. आणि या धातूचा वापर द्रवांपुरता कधीच नव्हता. योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यात व्याधीनंतर लगेच येतं ते 'स्त्यान'. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य त्याचा अर्थ सांगतं: चित्ताची अकर्मण्यता, मन हलेनासं होणं. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या पाच अडसरांपैकी एक आहे 'थीनमिद्ध', त्यातलं थीन हेच. आपण 'तो जागीच थिजला', 'नजर थिजली' म्हणतो तेव्हा नवं रूपक करत नसतो. मनाचं वाहणं थांबतं हे या धातूला दोन हजार वर्षांपूर्वीही माहीत होतं.

'घन' शब्दाचीही अशीच गोष्ट आहे. पाणिनीचं सूत्र आहे 'मूर्तौ घनः': हन् म्हणजे ठोकणे, मारणे या धातूपासून काठिण्याच्या अर्थी 'घन' होतो. काशिकेतली उदाहरणं 'अभ्रघनः' आणि 'दधिघनः', ढगाचा घट्टपणा आणि दह्याचा घट्टपणा. या दोन्ही सूत्रांत घट्टपणासाठी पाणिनी शब्द वापरतो तो 'मूर्ति'. आपली मूर्ती! मूळ धातू 'मूर्छ्', दाट होणं, आकार धरणं. जे वाहत होतं ते थांबलं, घट्ट झालं, त्याला आकार आला, ती मूर्ती. मूर्च्छाही त्याच धातूची, आणि ती का, हे स्त्यान पाहिल्यावर वेगळं सांगायला नको.

इतकं सगळं शब्दांबद्दल लिहिलं ते एका कारणासाठी. श्यानता ही एक राशी आहे, एक आकडा. द्रव घट्ट झाला की हा आकडा वाढतो. पण द्रव घट्ट का झाला, हे तो आकडा सांगत नाही. ते आपली क्रियापदं सांगतात, आणि विज्ञानाच्या दृष्टीने पाहिलं तरी फार अचूक सांगतात. मराठीत तूप थिजतं, पाणी गोठतं, दूध आटतं, खळ आळते, दही विरजतं, रक्त साकळतं. सहाही ठिकाणी 'घट्ट होतं' म्हटलं तर चालून जाईल, पण आत चाललेल्या सहा वेगळ्या गोष्टी पुसल्या जातील. विज्ञान मराठीत लिहिणाऱ्यांनी ही क्रियापदं सोडू नयेत असं मला मनापासून वाटतं.

तूप थिजताना नीट पाहा. गरम तूप आरपार दिसतं. गार होऊ लागलं की आधी त्याची चकाकी जाते, मग तळाशी धूसर ठिपके दिसू लागतात. ते ठिपके म्हणजे स्निग्धाचे स्फटिक. त्यांचे रवे मोठे होत जातात आणि रव्यांच्या मधे अजून न थिजलेलं तेलकट तूप राहतं. तूप हा एक पदार्थ नाही. त्यात अनेक प्रकारचे स्निग्ध रेणू असतात आणि प्रत्येकाचं थिजण्याचं तापमान वेगळं असतं. सरळ, लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांना बिलगून लवकर रचले जातात. वाकड्या साखळ्यांचे रेणू त्या रचनेत नीट बसत नाहीत, ते शेवटपर्यंत पातळ राहतात. म्हणून तूप एका क्षणी घट्ट होत नाही, मधल्या पायऱ्या घेत होतं. सावकाश गार केलं तर रव्यांना वाढायला वेळ मिळतो आणि तूप रवाळ होतं. झटकन गार केलं तर रवे बारीक राहतात.

पाण्याचे सगळे रेणू एकसारखे. शुद्ध पाणी शून्य अंशाला बर्फ होतं आणि त्याआधी लापशीसारखी कुठली मधली अवस्था घेत नाही. बर्फ आणि पाणी एकत्र असलं तरी जे पाणी आहे ते पाणीच असतं, घट्ट झालेलं पाणी नव्हे. थिजणे आणि गोठणे यांत बोलणारे जो फरक करतात त्याला हा आधार आहे.

आटण्यात थंडीचा संबंधच नाही, तिथे पाणी निघून जातं. दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं. ते उडत गेलं की उरलेले स्निग्धाचे थेंब, प्रथिनांचे गोळे आणि साखर जवळजवळ येतात, एकमेकांच्या वाटेत येतात आणि थर सरकायला त्रास होतो. द्रवात तरंगणाऱ्या कणांनी श्यानता किती वाढते याचा पहिला नेटका हिशोब आइन्स्टाइनने मांडला, 1905 साली पूर्ण केलेल्या प्रबंधात. त्यातली चूक त्याने 1911 मध्ये दुरुस्त केली. दुरुस्त सूत्राप्रमाणे कण विरळ असतील तर त्यांनी जितकी टक्के जागा व्यापली असेल त्याच्या अडीचपट टक्क्यांनी श्यानता वाढते. कणाचा आकार लहान की मोठा याने फरक पडत नाही, किती जागा अडवली याने पडतो.

विरजण्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. दुधातून काहीच गेलेलं नसतं. दह्यातही पाणी जवळजवळ तेवढंच असतं, तरी भांडं कलंडलं तर ते सांडत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. या गोळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढत जाते तसा हा भार नाहीसा होतो, आणि पीएच हे आम्लतेचं माप (आम्लता वाढली की ते उतरतं) 4.6 च्या आसपास आलं की गोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारं काही उरत नाही. ते चिकटतात, त्यांच्या साखळ्या होतात, साखळ्यांची जाळी भांडंभर पसरते आणि सगळं पाणी त्या जाळीत अडकतं. ही क्रिया वेदकाळातही बारकाईने पाहिली गेली होती. विरजण लावण्याला तेव्हाचं क्रियापद 'आ-तञ्च्', विरजणाला 'आतञ्चन', आणि त्याच 'तञ्च्'शी जोडला जातो तक्र, म्हणजे आपलं ताक.

आळण्यात जाळी असते ती पिठातल्या स्टार्चची. थंड पाण्यात स्टार्चचे कण नुसते तळाशी बसतात. सुमारे 60 ते 75 अंशांदरम्यान त्यांची आतली घट्ट बांधणी सुटते, ते पाणी पिऊन कित्येक पट फुगतात आणि त्यांतून लांब साखळ्या बाहेर पडून पाण्यात पसरतात. गार होताना या साखळ्या एकमेकींना धरतात. म्हणून आळायला लागलेली खळ विस्तवावरून उतरवल्यावरही आळतच राहते. रक्त साकळताना फायब्रिनोजेन हे विरघळलेलं प्रथिन थ्रॉम्बिन या विकरामुळे तुटतं आणि त्याचे फायब्रिनचे धागे होतात. रक्तपेशी त्या धाग्यांत अडकतात. जाळीच पुन्हा, पण जखम बंद करण्याइतकी घट्ट, आणि काही मिनिटांत विणलेली.

जाळीवाल्या पदार्थांना श्यानतेचा एकच आकडा देता येत नाही. लावायचा रंग डब्यात दाट असतो, कुंचल्याखाली पातळ होतो आणि भिंतीवर पुन्हा दाट होऊन थांबतो. मक्याचं पीठ पाण्यात दाटसर कालवलं तर उलटं घडतं: बोट हळूच घातलं तर आत जातं, जोराने मारलं तर आपटतं. न्यूटनचा सरळ हिशोब इथे चालत नाही, कारण जोर लावला की आतली रचनाच बदलते.

मग द्रव किती घट्ट झाला की त्याला द्रव म्हणणं सोडायचं? पाण्यासारख्या स्फटिक होणाऱ्या पदार्थाला गोठणबिंदू आहे, तिथे सीमा स्पष्ट असते. वितळलेल्या काचेला ती नाही. काच गार होताना स्फटिक न होता नुसती अधिकाधिक श्यान होत जाते, आणि श्यानता सुमारे एकावर बारा शून्यं इतक्या पास्कल-सेकंदांवर गेली की तिला घन म्हणायचं असा संकेत आहे. ती पाण्याच्या एकावर पंधरा शून्यं इतकी पट झाली. पिच नावाचा डांबरासारखा पदार्थ या सीमेच्या अलीकडचा. हातोड्याने तो काचेसारखा फुटतो, तरी वाहतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 साली तो नरसाळ्यात ओतला आणि 1930 मध्ये नरसाळ्याचं टोक कापलं. 2014 पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले. त्यावरून काढलेली पिचची श्यानता पाण्याच्या सुमारे 230 अब्ज पट आहे. जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात त्या शतकानुशतकं वाहून झाल्या, असं मात्र अनेकदा सांगितलं जातं ते खरं नाही. नेहमीच्या तापमानाला काचेची श्यानता इतकी प्रचंड आहे की काही शतकांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. त्या काळच्या काचा बनतानाच कमी-जास्त जाडीच्या होत.